फिल्टर बदलला तो रविवार

दारातून गार पाणी देणारा फ्रिज आमच्याकडे आला, तेव्हा माझ्या मिस्टरांनी आठवडाभर माणसं बोलावून बोलावून त्याचं पाणी पाजलं होतं. मजल्यावरचे शेजारी, कंपनीतले दोघं-तिघं, दापोडीहून त्यांची मोठी बहीण. आलेल्या माणसाच्या हातात ग्लास द्यायचा आणि म्हणायचं, "हं, धरा त्या खाचेत. मागचा खटका दाबा जरा." पाणी पडायला लागलं की माणूस आधी दचकायचा आणि मग हसायचा. त्याच्याबरोबर हेही हसायचे, प्रत्येक वेळी पहिल्यांदाच बघितल्यासारखे.

ते चाकणला एका फोर्जिंगच्या कंपनीत होते. भट्टीतून लालभडक लोखंड काढून ते ठोकून गाड्यांचे भाग बनवायचे, अशा शॉपमध्ये. सुपरवायझर झाले त्या वर्षी त्यांनी हा फ्रिज घेतला. त्यांना पाण्याची फार हौस. शिफ्टवरून आले की तांब्या तोंडाला लावायचे तो रिकामा झाल्यावरच खाली ठेवायचे, आणि मी म्हणायचे, "अहो, श्वास तरी घ्या." लहानपण दापोडीत रेल्वेच्या कडेच्या गल्लीत गेलेलं. सगळ्या गल्लीला एक नळ. बहीणभाऊ शाळेत जायच्या आधी हंडे घेऊन नंबर लावायचे. त्या माणसाला आपल्या घरात, फ्रिजच्या दारातून, वाटेल तेवढं गार पाणी मिळायला लागलं होतं.

पुनावळ्यात आमच्या इमारतीला टँकरचं पाणी येतं. नळाच्या तोंडावर त्याचा पांढरा थर बसतो, बादलीच्या बुडाशी बसतो. त्यामुळे फ्रिजच्या फिल्टरबद्दल हे अगदी कडक होते. सहा महिने झाले की स्वतः नवा मागवायचे आणि स्वतः बसवायचे. मला किंवा मुलीला हात लावू द्यायचे नाहीत. खरं तर मी तळेगावच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे, रबराचे सील आणि रिंगा भिंगाखाली धरून तपासते. तरी घरातला फिल्टर हे त्यांचं काम.

मग त्यांचे पाय सुजायला लागले. सेफ्टी शूज घट्ट होतात म्हणून त्यांनी एक नंबर मोठे बूट मागून घेतले. सकाळी मळमळायचं, तर नाइट शिफ्टमुळे पित्त झालंय म्हणाले. पाठदुखीसाठी वर्षानुवर्षं मेडिकलमधून गोळ्या आणून खायचे, त्या सुरूच होत्या. कंपनीच्या तपासणीत बीपी इतकं निघालं की तिथल्या डॉक्टरांनी त्यांना घरी न पाठवता थेट दवाखान्यात पाठवलं. तिथे कळलं की दोन्ही किडन्या जवळजवळ गेल्यात. बीपीने आणि त्या गोळ्यांनी.

इमारतीतले लोक म्हणायचे, टँकरच्या पाण्याने झालं असणार. त्याचा त्यांना इतका राग यायचा! "फिल्टर वेळेवर बदलत होतो मी," ते म्हणायचे. "पाण्याने काही झालेलं नाही." आपला आजार मान्य होता, पण पाण्यावर आलेला आळ त्यांना सहन होत नव्हता.

माझी किडनी त्यांना जुळली नाही. त्यांच्या बहिणीला शुगर, त्यामुळे तिची घेता येईना. दुसऱ्या कोणाची मिळेल म्हणून नाव नोंदवलं, आणि आठवड्यातून तीनदा चिंचवडला डायलिसिस सुरू झालं. डाव्या हाताच्या दोन शिरा जोडून सुया टोचायची जागा केली. त्या जागी बोट ठेवलं की आत सतत काहीतरी घरघरत असल्यासारखं वाटायचं. त्या हाताने जड उचलायचं नाही, ताण द्यायचा नाही, त्यावर झोपायचंसुद्धा नाही. आणि पाणी? शरीरातलं पाणी बाहेर टाकायला आता यंत्राशिवाय काही नव्हतं. म्हणून दिवसाला एक लिटरच्या आत. चहा, आमटी, ताक, गोळ्यांबरोबरचा घोट, सगळं धरून. दर वेळी यंत्राला लावायच्या आधी वजन करायचे. वाढलेलं वजन म्हणजे प्यायलेलं पाणी. काट्यावर उभे राहिले की त्यांचा चेहरा परीक्षेचा निकाल बघणाऱ्या मुलासारखा व्हायचा.

तहान काय असते हे मला तेव्हा कळलं, तेही बाहेरून बघून. त्यांची जीभ टाळूला चिकटायची, बोलताना शब्द अडकायचे. बर्फाचा एक खडा जिभेवर ठेवून डोळे मिटून बसायचे. टीव्हीवर थंड पेयाची जाहिरात लागली की चॅनेल बदलायचे. आणि घरात तो फ्रिज. त्यातून पाणी घेताना आधी आत मोटर गुरगुरते, मग धार ग्लासात पडते. तो आवाज आमच्या छोट्या घरात कुठेही ऐकू जातो. एकदा मुलीने पाणी घेतलं आणि मी बघितलं, हॉलमध्ये बसलेल्या तिच्या पप्पांनी आवंढा गिळला. तिनेही बघितलं. ती इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती, सगळं समजण्याइतकी मोठी.

त्यानंतर आम्ही दोघींनी ते पाणी घेणं सोडलं. एकमेकींशी एक शब्दही न बोलता. सिंकच्या नळाचं पाणी उकळून बाटल्यांत भरायचं, बाटल्या मुलीच्या पलंगाखाली ठेवायच्या, आणि खोलीचं दार लावून प्यायचं. जेवताना पाणी घ्यायचं नाही. ठसका लागला तरी उठून आत जायचं. आपल्याच घरात चोरून पाणी प्यायचं म्हणजे घशाखाली उतरत नाही, पण दुसरं सुचतही नव्हतं.

फ्रिजच्या दारावरचा फिल्टरचा दिवा कधीतरी लाल झाला. मी बघून न बघितल्यासारखं केलं.

एप्रिलमधला रविवार होता. दुपारची जेवणं होऊन भांडी घासून झाली होती. ते स्वयंपाकघरात आले, प्लास्टिकची खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "आज फिल्टर बदलायचा."

"राहू द्या ना," मी म्हटलं. "कोण पितंय त्यातलं?"

"तेच म्हणतोय. कोणी पीत का नाही?"

मी ओटा पुसायला लागले.

"पोरीच्या पलंगाखाली बाटल्या आहेत. मला दिसत नाहीत असं वाटतं का तुला? उन्हाळ्याचं कोमट पाणी पिताय दोघी, दार लावून. मी काय मेलोय का अजून?"

नवा फिल्टर त्यांनी आधीच फोनवरून मागवून कपाटात ठेवला होता. मला पत्ताच नव्हता. खोका माझ्या हातात देऊन ते म्हणाले, "तू कर. मी सांगतो."

तिथेच मला काहीतरी खटकायला हवं होतं, कारण हे काम त्यांनी कधीच दुसऱ्याला दिलं नव्हतं. पण मला वाटलं, हाताला ताण नको म्हणून सांगत असतील.

"आधी सिंकखालचा कॉक बंद कर," ते म्हणाले. सिंकखालून एक बारीक पांढरी नळी फ्रिजच्या मागे गेलेली आहे. तिचा कॉक मी बंद केला. फ्रिजच्या आत वरच्या कोपऱ्यात फिल्टर असतो, पांढरा, जाड काकडीएवढा. तो डावीकडे फिरवून खाली ओढायचा. मी फिरवला. तो हलेना. कितीतरी दिवस त्यातून पाणी गेलं नव्हतं, आत धरून बसला होता. मी टॉवेल गुंडाळून जोर लावला, तरी नाही.

"अगं, नीट धर."

"नीटच धरलंय."

"सरक बाजूला."

आणि ते उठून उभे राहिले. उजव्या हाताने फ्रिजची कड धरली आणि डाव्या हाताने, त्याच हाताने, फिल्टर पिरगाळायला लागले. मी ओरडले, "अहो, तो हात!" कोपर धरून मागे ओढलं, तर त्यांनी मला झटकून दिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांनी मला कधी झटकलं नव्हतं. फिल्टर कर्रकन फिरला आणि बाहेर आला. आतलं साचलेलं, कुबट वासाचं पाणी त्यांच्या बाहीवर आणि खाली फरशीवर सांडलं. ते खुर्चीत बसले तेव्हा धापा टाकत होते. मी त्यांच्या डाव्या हातावरच्या त्या जागी बोट ठेवलं. घरघर सुरू होती. माझा जीव भांड्यात पडला.

नवा फिल्टर मी घातला, पण तो बसला आहे असं वाटेना. शेवटचा जो खटका ऐकू यायला हवा तो येत नव्हता. "बसला असेल, कॉक उघड," ते म्हणाले. मी उघडला, आणि फिल्टरच्या बाजूने पाणी नुसतं फुटलं. दुधाच्या पातेल्यात, भाज्यांवर, शिळ्या वरणात, सगळ्या कप्प्यांतून खाली. मी धावत जाऊन कॉक बंद केला.

"एक काम धड होत नाही," ते ओरडले. "मी नसल्यावर काय करणार आहात तुम्ही? कोणाला बोलावणार?"

मी नवा फिल्टर परत बाहेर काढला. मोबाइलचा टॉर्च लावून फिल्टर बसतो त्या भोकात बघितलं. आत एक काळी रिंग चिकटून राहिली होती. जुन्या फिल्टरची. पिरगाळताना निसटून आतच राहिली होती, आणि तिच्यावर नवी रिंग कशी बसणार? मी केसातली पिन काढून ती हळूहळू सोडवली. फुगलेली, बुळबुळीत झालेली, एका जागी चिरलेली. कंपनीत मी अशा रिंगा दिवसभर बाजूला काढते. मी ती त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती उलटसुलट करून बघितली.

"माझ्या लक्षात नसतं आलं," ते म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता.

मग मी नव्या फिल्टरची रिंग ओली केली, फिल्टर सरळ आत दाबला, उजवीकडे फिरवला. खटका ऐकू आला. कॉक उघडला. थेंबही गळला नाही.

नवा फिल्टर बसवला की पहिलं पाणी टाकून द्यावं लागतं. आत हवा असते, कोळशाची काळी पूड असते. मी दाराच्या खाचेखाली पातेलं धरलं आणि खटका दाबला. आधी नुसती थुंकल्यासारखी फुर्रफुर्र, मग करडं पाणी, मग धार. पातेलं भरलं की बादलीत ओतायचं, पुन्हा धरायचं. बऱ्याच महिन्यांनी तो गुरगुरण्याचा आवाज घरात येत होता. बादली भरत आली. त्यांना दिवसभरात जेवढं पाणी प्यायची परवानगी होती त्याच्या कितीतरी पट पाणी त्यांच्यासमोर आम्ही टाकून देत होतो, आणि ते खुर्ची पुढे ओढून बघत होते.

धार स्वच्छ झाल्यावर त्यांनी हात पुढे केला आणि पाण्याखाली धरला. बराच वेळ. मग ग्लास घेतला, अर्धा भरला आणि तोंडात एक घोट घेतला.

मी त्यांच्या गळ्याकडे बघत होते. हलला नाही. गाल फुगवून ते पाणी त्यांनी तोंडात फिरवलं, डोळे मिटले, आणि उठून सिंकमध्ये थुंकलं. पुन्हा एक घोट, पुन्हा थुंकलं. अर्धा ग्लास असा संपवला. तोंड पुसून म्हणाले, "चव चांगली आलीय. आता पीत जा."

मी फरशी पुसायला फडकं घेतलं. ते म्हणाले, "आता हेही येतंय तुला."

मग माझ्या लक्षात आलं. आदल्या महिन्यात त्यांनी मला इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालायला शिकवलं होतं. गिझरचा फ्यूज दाखवला होता. विमा कंपनीच्या माणसाशी फोनवर माझं बोलणं करून दिलं होतं. फडकं हातात तसंच धरून मी विचारलं, "तुम्ही मला हे सगळं का शिकवताय?"

"मला थांबवायचंय."

"काय?"

"डायलिसिस." ते फरशीकडे बघत होते. "यंत्रावरून उतरलो की तो दिवस पडून जातो. दुसऱ्या दिवशी जरा माणसात आल्यासारखं वाटतं, तर परत जायची वेळ. आणि मधे काय करायचं, तर तहान सोसायची. झोपेत पाणी प्यायची स्वप्नं पडतात मला. दापोडीच्या नळाला तोंड लावून पितोय, अशी. जाग आल्यावर रडू येतं. एवढा बाप्या माणूस मी."

मी म्हटलं, "पोरीला सांगितलंत?"

"नाही. तू सांग."

"मला तुम्हीच सांगा, पप्पा."

मुलगी दारात उभी होती. मघाच्या ओरडण्याने अभ्यास सोडून आली असणार. किती ऐकलं होतं माहीत नाही. त्यांनी ओली बाही पिळली. मग म्हणाले, "तुझी परीक्षा होऊ दे आधी."

"परीक्षेनंतरही नाही," ती म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण आवाज हलत नव्हता. "मी नेईन तुम्हाला गाडीवरून. दर वेळी. तिथे बसेन. तुम्ही रिक्षात एकटे जाता ना, म्हणून असलं डोक्यात येतं."

त्यांनी मान हलवली. होकार होता की नकार, सांगता येणार नाही. "फरशी पुसून घ्या," एवढंच म्हणाले. "कोणीतरी घसरून पडेल."

त्यांनी डायलिसिस थांबवलं नाही. मुलगी शब्दाला जागली. कॉलेज सांभाळून, नाही जमलं तर बुडवून, ती त्यांना स्कूटरवर मागे बसवून चिंचवडला न्यायची. तिथे खुर्चीत वही घेऊन बसायची. परीक्षा त्या दवाखान्यात अभ्यास करून दिली तिने. त्यांच्याशी भांडायची, काट्यावर वजन जास्त दिसलं की रागवायची, आणि ते तिच्यासमोर हसायचे. मला वाटायला लागलं, रविवारचं ते बोलणं रागाच्या भरातलं होतं, निघून गेलं. फ्रिजचं पाणी आम्ही पुन्हा प्यायला लागलो होतो, त्यांच्यासमोर, कारण त्यांनी तसं बजावून सांगितलं होतं.

जूनमध्ये एके दिवशी मुलीला चाकणच्या एका कंपनीत ट्रेनिंगला जायचं होतं. तो डायलिसिसचा दिवस नव्हता. मी कामावर, ती ट्रेनिंगला, ते घरी एकटे. संध्याकाळी मी कंपनीच्या बसमधून उतरून वर आले, दार उघडलं, आणि आतून आवाज आला. पाण्यात बुडवलेल्या नळीतून कोणी फुंकतंय तसा. ते स्वयंपाकघरात प्लास्टिकच्या खुर्चीत पुढे वाकून बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर. ओठ निळे. ओट्यावर ग्लास.

"किती प्यायलात?" मी विचारलं.

"तहान लागली होती गं."

"अहो, किती?"

"मोजलं नाही."

शेजाऱ्यांनी गाडी काढली. हायवेच्या पुलाखाली संध्याकाळची गर्दी होती, सगळ्या कंपन्यांच्या बसेस एकदम सुटलेल्या. ते माझ्या खांद्याला टेकून बसले होते आणि प्रत्येक श्वासाला त्यांचं सगळं अंग वर उचललं जायचं. दवाखान्यात डॉक्टरांनीही तेच विचारलं, किती पाणी प्यायले? मला सांगता आलं नाही. फुफ्फुसांत पाणी भरलंय म्हणाले. यंत्राला लावलं, पाणी काढायला लागले. मुलगी चाकणहून थेट तिथे आली. काचेतून त्यांनी तिला बघितलं, आत बोलावलं. तोंडावरचा मास्क बाजूला करून म्हणाले, "गाडी फार जोरात आणलीस ना? हळू चालवत जा."

दुसऱ्या दिवशी त्यांचं हृदय बंद पडलं. पुन्हा सुरू करायचा प्रयत्न झाला. झालं नाही.

त्यांनी जाणूनबुजून केलं का, असं मला कोणी तोंडावर विचारत नाही. मी स्वतःला विचारते. जायचंच असतं तर डायलिसिसला गेले नसते, तेवढं पुरे होतं. आदल्या दिवशी तर ते वेळेआधी तयार होऊन बसले होते, नवीन शर्ट घालून. घरात कोणी नाही, जून असूनही अंगाची लाही होत होती, तहान लागली आणि एकदा खटका दाबला तो सोडवला नाही, एवढंच असेल. बहुतेक दिवशी मी असं समजते. काही दिवशी समजता येत नाही.

पुण्यानुमोदनाला घर भरलं होतं. दापोडीच्या बुद्धविहारातली माणसं आली होती, वंदना झाली, जेवणं झाली. बायका निघताना माझ्याजवळ बसून बोलत होत्या. ह्यांच्या मोठ्या बहिणीने, ताईंनी, माझा हात हातात घेतला आणि त्या म्हणाल्या, "पोटभर प्यायला ना गं शेवटी? मग बरं झालं. तहानलेला नाही गेला माझा भाऊ."

मी हात सोडवून घेतला आणि आत निघून गेले. बरं झालं? त्या निळ्या ओठांना, त्या आवाजाला बरं झालं म्हणायचं? त्या गेल्या तेव्हा मी बाहेर आले नाही. नंतर त्यांचे फोन यायचे, मी मुलीला उचलायला लावायचे.

दिवाळीच्या सुमारास फिल्टरचा दिवा परत लाल झाला. मी नवा आणून बसवला. एकटीने, काही अडचण न येता. पहिलं पाणी गॅलरीतल्या झाडांना घातलं. मुलगी त्या फ्रिजचं पाणी पिते, मी नाही पीत. माझ्यासाठी मी माठ आणलाय. तिने एकदा विचारलं, फ्रिज विकून टाकायचा का? मी नको म्हटलं. कारण सांगता आलं नाही, तिने मागितलंही नाही.

थंडीत मुलीला नोकरीचं पत्र आलं. आत्याला आपण जाऊन सांगू, ती म्हणाली, फोनवर नको. मला नाही म्हणवेना. आम्ही दापोडीला गेलो. गल्ली तीच, गाड्या गेल्या की घराच्या काचा वाजतात तीच. ताईंनी आम्हाला बसवलं, मुलीच्या तोंडावरून हात फिरवला, रडल्या, पेढे खाल्ले. मुलगी खाली ओळखीच्या पोरींना भेटायला गेली आणि आम्ही दोघीच उरलो. मी ठरवून काही आले नव्हते, पण तोंडातून निघालं.

"ताई, त्या दिवशी तुम्ही तसं का म्हणालात?"

त्यांनी पदराने डोळे पुसले. विसरल्या नव्हत्या त्या, कशाबद्दल म्हणते हे विचारलंही नाही.

"मला दुसरं काही सुचलं नाही गं," त्या म्हणाल्या. "तू तशी समोर बसलेली. काहीतरी बोलायला पाहिजे ना माणसाने."

मी मान हलवली. मग त्या मुलीच्या नोकरीचं विचारत राहिल्या, कंपनी कुठली, बस कुठून, शिफ्ट असते का मुलींना. मी सांगत राहिले. खालून मुलीने हाक मारेपर्यंत आम्ही त्याच विषयावर बोलत होतो.